शुश्रूषा ही चाकरी नव्हे

दरवर्षी २१ सप्टेंबर हा दिवस जगभर अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मोठ्या शहरांत व्याख्याने होतात, वृत्तपत्रांत डॉक्टरांचे सल्ले छापून येतात, आणि दुसऱ्या दिवसापासून हा प्रश्न पुन्हा घराच्या चार भिंतींआड जातो. भारतात साठीच्या पुढील स्त्रीपुरुषांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावीत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण होय. त्याच पाहणीनुसार हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. तेव्हा हा सुखवस्तू वर्गाचा आजार आहे, ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपल्या समाजाने या विकाराची थट्टा केली, किंवा म्हातारचळ म्हणून कपाळाला हात लावला. १९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन केले. परंतु उतारवयातील बुद्धिनाश हेही बहुतांशी याच रोगाचे रूप आहे, हे वैद्यकशास्त्रात रुजायला आणखी सात दशके लागली. रोग मुळापासून बरा करणारे औषध आजही नाही. अशा रोगात शुश्रूषा हाच उपचाराचा गाभा ठरतो, आणि ती वर्षानुवर्षे, अहोरात्र करावी लागते.

ही शुश्रूषा म्हणजे नुसते दुखणेकऱ्याजवळ बसणे नव्हे. रुग्ण आंघोळीला नकार देतो, संध्याकाळ झाली की अस्वस्थ होतो, मध्यरात्री दार उघडून बाहेर पडतो, पोटच्या मुलीला परकी समजतो. अशा वेळी वाद न घालता त्याचे लक्ष वळवणे, दिनक्रम मोडू न देणे, घास श्वासनलिकेत जाऊ न देणे, अंथरुणाला खिळल्यावर कूस बदलून शय्याव्रण टाळणे, हे सारे कौशल्य आहे. ते ज्याला शिकवलेच नाही, त्याच्या हाती अखेर दोनच उपाय उरतात : रागावणे आणि पलंगाला बांधून ठेवणे.

हे कौशल्याचे श्रम आज करते कोण? बहुसंख्य घरांत सून, मुलगी अथवा पत्नी, तेही विनामोबदला. २०२४ च्या सरकारी कालविनियोग पाहणीनुसार बिनपगारी घरकामात स्त्री दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते, पुरुष ८८. त्यावर रुग्णशुश्रूषेचे ओझे पडले की स्त्रीला नोकरी किंवा मजुरी सोडावी लागते, आणि घराचे उत्पन्न खर्च वाढण्याच्या वेळीच घटते.

ज्यांना परवडते ती कुटुंबे नर्सिंग ब्यूरोकडून बाई आणतात. ब्यूरो दोन्हीकडून पैसे घेतो : कुटुंबाकडून नोंदणीचे, बाईच्या वेतनातून कमिशनचे. बाईला बारा बारा तासांची पाळी असते, अनेकदा चोवीस तासांची. साप्ताहिक सुट्टी मिळेलच असे नाही, प्रशिक्षण नाममात्र, आणि घरातील वस्तू सापडेनाशी झाली की पहिला संशय तिच्यावर. रुग्ण गेला की त्याच दिवशी काम संपते.

कायदा तिच्या पाठीशी उभा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ‘उद्योगा’च्या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली आहे, आणि दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या या शुश्रूषाकर्मीला त्याच सदरात ढकलणे मालकांना सोपे जाते. घरकामगारांच्या हक्कांविषयीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याला भारताने जिनिव्हात अनुकूल मत दिले. मान्यता मात्र अद्याप दिलेली नाही.

वृद्धांविषयी राज्यसंस्थेचे औदार्यही पाहण्यासारखे आहे. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये, ऐंशीनंतर ५०० रुपये. सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून पाच लाखांपर्यंतचे विमाछत्र दिल्याचा गाजावाजा झाला; परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. ज्या रोगाची शुश्रूषा प्रामुख्याने घरीच व्हायची, त्याच्या दैनंदिन शुश्रूषेसाठी त्यातून छदामही मिळत नाही. २००७ च्या कायद्याने आईबापांच्या पोषणाचा भार मुलांवर टाकला आणि राज्याची जबाबदारी पुत्रधर्माच्या पांघरुणाखाली झाकली.

याहून वेगळे घडू शकते. केरळमध्ये २००८ साली डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने वेदनाशामक व परिहारक उपचारांचे धोरण स्वीकारले. पंचायतींच्या खर्चाने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या, वॉर्डातील स्वयंसेवक त्यांच्या जोडीला आले. रोजच्या शुश्रूषेची गरज याने भागत नाही, पण घराचे दार सार्वजनिक आरोग्यसेवेला उघडले. जर्मनीला १९९५ मध्ये आणि जपानला २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सामाजिक विमा सुरू करावा लागला. हा भार कुटुंबावर सोडून चालत नाही, हे भांडवलशाही देशांनाही कबूल करणे भाग पडले. घरकाम ही स्त्रीची खाजगी सेवा बनल्याने ती सामाजिक उत्पादनातून बाहेर फेकली गेली, हे एंगल्सने १८८४ साली दाखवले होते. शुश्रूषेच्या बाबतीत ते आज शब्दशः खरे आहे.

येथे संघटित कर्मचाऱ्यांनी आणि आपल्या सभासदांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. बँका, विमा, रेल्वे, टपाल यांतून निवृत्त झालेल्या पिढीने आठ तासांच्या दिवसासाठी झेंडे धरले. आज त्याच पिढीच्या घरी, तिच्याच उशाशी, बारा तास उभी असलेली बाई कोणत्याही युनियनमध्ये नाही. तिचे वेतन वाढले तर निवृत्तिवेतन पुरणार नाही, ही कुटुंबाची अडचण खोटी नाही. पण हा विरोध दोन वर्गशत्रूंमधला नव्हे. सार्वजनिक व्यवस्थेच्या अभावी एका श्रमिकाची निकड दुसऱ्या श्रमिकाच्या मजुरीवर भागवली जाते, आणि मधल्या मध्ये ब्यूरोचा गल्ला भरतो.

म्हणून मागण्याही एकत्रच पुढे आल्या पाहिजेत. शुश्रूषाकर्मींना कामगाराचा दर्जा, किमान वेतन, आठ तासांची पाळी व साप्ताहिक सुट्टी. ब्यूरोंची सक्तीची नोंदणी व कमिशनवर बंदी. शासकीय खर्चाने प्रशिक्षण. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून स्मृतिभ्रंशाचे निदान व गृहभेटी. आणि या साऱ्याचा खर्च सामाजिक विम्यातून. पेन्शनर संघटना, महिला संघटना आणि घरकामगार युनियन यांनी एका व्यासपीठावर येऊन ही मोहीम हाती घ्यावी, आणि शाखांनी आपापल्या वस्तीतील अशा घरांची व शुश्रूषाकर्मींची नोंद करण्यापासून आरंभ करावा. ज्यांनी आयुष्यभर राबून हा देश उभा केला, त्यांची स्मृती हरपली तरी त्यांचा हक्क हरपत नाही; आणि त्यांना भरवणाऱ्या हातांचाही नाही.