पाणी गाळून पितो, पण डब्याचं काय?



आजचा विषय आपण सहसा दबक्या आवाजात बोलतो. लग्नाला तीन-चार वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की आधी सुनेला डॉक्टरकडे नेतात. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, मग उपवास, विधान. मुलाची तपासणी सगळ्यात शेवटी, तीही सासूला कळू न देता. खरं म्हणजे मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, आणि वीर्याची तपासणी साधी, स्वस्त, विनात्रासाची आहे. ती आधी व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुरुषाकडची कारणं बरीच आहेत. तंबाखू त्यात आलाच. पण एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहिते.

१९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी हे जमिनीतल्या सूत्रकृमींवरचं औषध बनत होतं. आपल्यापैकी कुणालाच अलीकडे मूल झालेलं नाही, हे तिथल्या कामगारांच्याच लक्षात आलं. तपासणीत अनेकांचे शुक्राणू फार कमी निघाले, काहींचे तर शून्य. पुढे कोस्टा रिकातल्या केळीबागांतल्या मजुरांचीही तीच गत झाली.

आता ते लोक औषध रोज हाताळत होते, आपल्या ताटात येतो तो अंश. दोन्ही एक नव्हे. ताटाबद्दलचा अभ्यास बोस्टनचा आहे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. वंध्यत्वाच्या उपचारासाठी आलेल्या १५५ पुरुषांपैकी जे कीटकनाशकांचे अंश जास्त असणारी फळं-भाज्या सर्वाधिक खात होते, त्यांचे एकूण शुक्राणू सर्वात कमी खाणाऱ्यांपेक्षा ४९ टक्के कमी होते. त्यांच्या ताटातला अंश प्रत्यक्ष मोजला नव्हता, सरकारी आकड्यांवरून अंदाज बांधला होता. त्यामुळे हा पुरावा नाही, इशारा आहे. आणि हेही ऐका, एकूण फळं-भाज्या जास्त खाल्ल्याने काही बिघडलेलं दिसलं नाही. तेव्हा घाबरून भाजी बंद करू नका!

धुतल्याने वरवरचं औषध बरंचसं जातं, आंतरप्रवाही औषध जात नाही. ते शेतातच थांबवावं लागतं. सांगलीकडच्या आपल्या कितीतरी घरांच्या द्राक्षबागा आहेत. युरोपला जाणाऱ्या मालाचा रेसिड्यू रिपोर्ट काढतात, आठवडी बाजारातल्या पेटीला कोण विचारतं? शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडले, हे मालकिणीने विचारायला काय हरकत आहे? आपण धान्य निवडतो ते त्यात जीव असू नये म्हणून. खाणाऱ्याचा जीवही त्यातच धरा की.

दुसरी गोष्ट प्लास्टिकची, आणि ती पूर्ण आपल्या हातात आहे. काही प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट नावाची रसायनं घालतात. ती उष्णतेने आणि तेला-तुपात सहज सुटतात. गाभण उंदरांना त्यातली काही दिली तेव्हा नर पिल्लांचं पुरुषी संप्रेरक घटलं, वृषणांत दोष आले. माणसात चित्र इतकं स्पष्ट नाही. पण मुलाच्या वृषणांची घडण आईच्या पोटातच होते, म्हणून गरोदर सुनेच्या जेवणाबाबत मी तरी वाट बघत बसणार नाही. गरम आमटी प्लास्टिकच्या डब्यात नको, हॉटेलचा रस्सा पिशवीतून नको. तूप स्टीलमध्ये, लोणचं चिनी मातीच्या बरणीत. आपल्या आज्यांकडे तसंच होतं, फक्त कारण वेगळं होतं.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून मुलाचा रिपोर्ट कमी आला आणि घरात हे बदल केले, तर पुढची तपासणी तीन महिन्यांनी करा. तंबाखू मात्र आजच सोडायला लावा.