प्रवेशाचे स्वप्न आणि संसाराचा जमाखर्च

बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या निकालांचा हंगाम आला, की मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांत एक वेगळेच पंचांग सुरू होते. त्यात तिथी-वार नसतात. अर्जाची शेवटची तारीख, तात्पुरती गुणवत्तायादी, पहिली फेरी आणि दुसरी फेरी असे पर्वकाळ असतात. एरवी राजकारणातील उलथापालथींसाठी राखून ठेवलेली ही जागा आज आम्ही या वरवर घरगुती वाटणाऱ्या प्रश्नाला देत आहोत, याचे कारण उघड आहे. मंत्रिमंडळे येतात आणि जातात. परंतु मुलाच्या अठराव्या वर्षी घाईगर्दीने घेतलेल्या एका निर्णयाचे हप्ते कुटुंबाला पुढे दहा-पंधरा वर्षे फेडावे लागतात. असा निर्णय आकांक्षेच्या भरात घ्यावयाचा की हिशेबाची वही समोर ठेवून, हा प्रश्न आज लक्षावधी घरांपुढे आहे.

मुलांनी मोठी स्वप्ने पाहू नयेत, असा उपदेश करण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. पवईच्या आय.आय.टी.त जावे, मोठ्या सरकारी रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात वैद्यक शिकावे, ही आकांक्षा निरोगी आहे. परंतु आकांक्षा आणि संभव या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि संभव व ऐपत या त्याहूनही भिन्न. या तिन्हींची गल्लत झाली म्हणजे स्वप्नाचे ओझे होते.

प्रथम संभवाचा विचार करू. २०२५ साली अभियांत्रिकीची जेईई मुख्य परीक्षा सुमारे पावणेपंधरा लाख विद्यार्थ्यांनी दिली. त्यांतून पुढील प्रगत परीक्षेच्या दोन्ही उत्तरपत्रिका लिहिणारे होते १ लाख ८० हजार ४२२, आणि देशातील २३ आय.आय.टी.तील एकूण जागा होत्या १८ हजार १६०. म्हणजे मुख्य परीक्षेला बसलेल्या शंभरांमागे जेमतेम सव्वा! त्यातही पवईची संगणकशाखा सर्वसाधारण गटात पहिल्या सत्तर क्रमांकांच्या आतच भरून जाते. वैद्यकाचे चित्र थोडे वेगळे असले, तरी फारसे दिलासादायक नाही. त्याच वर्षी ‘नीट’ला सुमारे २२ लाख विद्यार्थी बसले. देशभरातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांपैकी सरकारी महाविद्यालयांतील सुमारे निम्म्या. सतरा-अठरा जणांमागे एक जागा. सरकारी हवी असेल तर पस्तिसांमागे एक.

हे आकडे म्हणजे सोडत नव्हे, हे खरे. अभ्यासू विद्यार्थ्याचा संभव सरासरीहून अधिक असतो आणि आरक्षण, राज्याचा कोटा यांनीही तो बदलतो. परंतु म्हणूनच प्रत्येक घराने सरासरीच्या आकड्याऐवजी आपल्या मुलाचा स्वतःचा आकडा पाहावयास हवा. वर्षभराच्या सराव परीक्षांतील गुणांची सरळ यादी मांडली, तर त्यातून जे चित्र दिसते ते बहुधा खोटे नसते. एखाद्या चाचणीतील सर्वोत्तम गुण म्हणजे त्याची पातळी नव्हे. दहा चाचण्यांतील मधले गुण हीच त्याची पातळी. ही साधी गोष्ट कोणताही शिक्षक सांगेल. पण ती ऐकण्याची तयारी पालकांत क्वचितच असते. शिकवणीवर्गांच्या पानभर जाहिरातींत यशस्वी झालेल्यांचे चेहरे असतात. त्याच वर्गांत त्याच बाकांवर बसलेल्या इतरांचे काय झाले, हे छापण्याची पद्धत अद्याप पडलेली नाही.

येथे एका शब्दाच्या फसवेपणाकडे वाचकांचे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. तो शब्द ‘पात्र’. २०२५ साली ‘नीट’मध्ये १२ लाख ३६ हजारांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले. म्हणजे एकेका जागेमागे सुमारे दहा पात्र उमेदवार! घरोघरी पेढे वाटले गेले, पण प्रवेश कोणाला? वरच्या क्रमांकांना सरकारी जागा मिळाल्या. पुढे जो खाजगी प्रदेश सुरू होतो, त्यात यादी क्रमाने खाली उतरत असली, तरी ज्यांच्याजवळ पैसा नाही ते एकामागून एक बाजूला होत जातात आणि त्यांच्या बरेच खालचा, पण ऐपतदार उमेदवार पुढे सरकतो. महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क दीड लाखाच्या आसपास आहे. अनेक अभिमत विद्यापीठांत ते वीस लाखांच्या वर गेले आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, वसतिगृह आणि भोजन धरले, तर हा खर्च कोटीच्या घरात जातो. ‘पात्र’ या शब्दाने येथे गुणवत्तेची खूण पटत नाही. ती फक्त गिऱ्हाइकांची यादी लांबवते.

आता ऐपतीकडे वळू. दहा लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे असेल, तर मासिक हप्ता १३ हजार २१५ रुपये पडतो आणि परतफेड होते १५ लाख ८६ हजारांची. शिक्षण चालू असतानाचे व्याज त्यात धरलेलेच नाही. पन्नाशीला पोचलेल्या बापाच्या पगारातून हा हप्ता जावयाचा असेल, तर तो निवृत्तीपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. मुलाच्या पगारातून जावयाचा असेल, तर त्याची किंमत आणखी वेगळी आहे. कर्जाने केवळ पैसा अडकत नाही, निवडही अडकते. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो संशोधनाकडे वळत नाही, अध्यापनाचा विचार करत नाही, खेड्यात दवाखाना काढीत नाही. मिळेल ती पहिली नोकरी त्याला धरावी लागते. एक कोटी देऊन डॉक्टर झालेला तरुण ती रक्कम रोग्यांकडून वसूल करू लागला, तर त्याच्या नीतिमत्तेवर प्रवचने झोडण्यात काय अर्थ आहे?

शिवाय घरात एकच मूल असते असे नाही. थोरल्याच्या नामांकित महाविद्यालयासाठी भविष्यनिर्वाह निधी मोडावयाचा आणि धाकटीला ‘जवळचे बरे’ म्हणून समजूत घालावयाची, हा अन्याय आपल्या सुशिक्षित घरांतूनही अजून संपलेला नाही. ज्या घरात जमाखर्च उघडपणे मांडला जात नाही, तेथे त्याचा भार बहुधा न बोलणाऱ्यावर पडतो.

मग नावाची किंमत शून्य आहे काय? तसेही नाही. उत्तम संस्थेत मिळणारा सहवास, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि जाणते प्राध्यापक यांचे मोल निर्विवाद आहे. आय.आय.टी.चे शिक्षणशुल्क २०१६ पासून वर्षाला दोन लाख रुपये आहे. परंतु अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांना, तसेच लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना ते संपूर्ण माफ असते, आणि एक ते पाच लाख उत्पन्न असणाऱ्यांना दोन-तृतीयांश. तेव्हा खऱ्या अर्थाने श्रेष्ठ असलेली संस्था पुष्कळदा सर्वांत महाग नसते. महाग असते ती तिच्याखालची पायरी. जिच्याजवळ नावापेक्षा जाहिरात अधिक आहे, त्या संस्थेत चार वर्षांसाठी पंधरा-वीस लाख मोजणारे कुटुंब नेमके काय विकत घेते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उलट पुण्याचे १८५४ सालचे अभियांत्रिकी महाविद्यालय, जे २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, किंवा मुंबईची १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय यांना ‘हुकलेल्यांची जागा’ मानणे हा या संस्थांचा आणि स्वतःच्या बुद्धीचाही उपमर्द आहे.

या तुलनेसाठी साधने नाहीत असेही नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणारी प्रत्येक संस्था किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी मिळाली, किती जण पुढे शिकावयास गेले आणि मध्यम पगार किती, ही माहिती सादर करते, आणि ती सर्वांना पाहता येते. जाहिरातीत झळकणारे सर्वोच्च पगाराचे ‘पॅकेज’ एका विद्यार्थ्याचे असते. मध्यम पगार हा सर्वसाधारण विद्यार्थ्याचा असतो. आपला मुलगा किंवा मुलगी त्या एकाच्या जागी असेल, असे गृहीत धरून कर्ज काढणे म्हणजे ऋण काढून सण करणे होय.

व्यवहाराच्या दृष्टीने तीन गोष्टी प्रत्येक घराने अर्ज भरण्यापूर्वीच ठरवून टाकाव्यात, असे आम्हांस वाटते. पहिली, खर्चाची कमाल मर्यादा. ती शुल्काची नव्हे, तर राहणे, जेवण, प्रवास आणि व्याज यांसह संपूर्ण शिक्षणाची असावी, आणि ती मुलांना स्पष्टपणे सांगावी. अठरा वर्षांच्या मुलाला घरचे उत्पन्न कळू नये, ही संकोचाची रीत आता सोडली पाहिजे. दुसरी, पसंतीक्रम. राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर ते स्वीकारण्याचे बंधन येते. जे परवडणार नाही ते पहिल्या ओळीत लिहिणे म्हणजे आपणच आपला रस्ता अडविणे. तिसरी गोष्ट, वर्ष गाळण्याची. प्रगत परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनदाच देता येते. पहिल्या प्रयत्नात यश हातभर अंतरावर राहिले असेल, तर दुसऱ्याचा विचार करावा. ते कोसभर दूर असेल, तर केवळ शेजाऱ्याच्या मुलाने वर्ष गाळले म्हणून आपणही गाळू नये. शिकवणीचा लाख-दीड लाखाचा खर्च जमाखर्चात दिसतो. त्या एकाकी वर्षात मुलाच्या मनाची जी झीज होते, ती दिसत नाही. कोट्याहून येणाऱ्या आत्महत्यांच्या वार्ता वाचूनही ज्यांना ती दिसत नसेल, त्यांना आम्ही अधिक काय सांगावे?

तथापि सगळा उपदेश पालकांनाच करून सरकारला मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. १९८३ साली महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. त्यामुळे शिक्षणासाठी परराज्यात जाणारी मुले येथे शिकू लागली, हे मान्य करावयास हवे. पण जागा वाढल्या त्या मानाने दर्जा वाढला नाही. देणगीशुल्काला बंदी करणारा कायदा १९८७ साली झाला, तरीही देणगीच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ केले, हे निःसंशय स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु त्यासाठी केंद्रीय प्रक्रियेतूनच प्रवेश हवा आणि राहण्या-जेवण्याचा खर्च त्यात नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने विद्यालक्ष्मी योजनेला मंजुरी देऊन निवडक ८६० संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीन यांवाचून कर्जाची सोय केली. आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला दहा लाखांच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलतही दिली. कर्ज सुलभ करणे चांगलेच; पण शिक्षण स्वस्त करणे त्याहून चांगले, आणि ही दोन कामे एक नव्हेत.

मूळ दुखणे निराळेच आहे. पहिल्या दहा संस्था आणि पुढच्या शंभर संस्था यांच्यामधील दरी इतकी रुंद आहे, की पालकांना ती उडी मारून ओलांडण्यावाचून गत्यंतर दिसत नाही. जिल्ह्याच्या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवावयाची, प्रयोगशाळांत धूळ साचू द्यावयाची, आणि मग पालक शिकवणीवर्गांच्या नादी लागतात म्हणून हळहळावयाचे, हा दुटप्पीपणा आहे. त्याच शिकवणीच्या शुल्कावर सरकार अठरा टक्के कर मात्र न चुकता वसूल करते! याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि ‘कमवा व शिका’ म्हणून गरिबांच्या मुलांना ताठ मानेने शिकविले. त्यांच्याजवळ आजच्या सरकारइतका पैसा नव्हता. चांगले शिक्षण मूठभरांच्या वाट्याला येणारी दुर्मिळ वस्तू असू नये, एवढी स्वच्छ दृष्टी मात्र होती.

रिकामी पदे भरा, प्रत्येक महसुली विभागात निदान एक महाविद्यालय पुण्या-मुंबईच्या तोडीचे करा, आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचा एकूण खर्च व विद्यार्थ्यांचा मध्यम पगार प्रत्येक खाजगी संस्थेने प्रवेशअर्जाच्या पहिल्या पानावर छापलाच पाहिजे, असा नियम करा, ही आमची सरकारकडे मागणी आहे. ती पुरी होण्यास काळ लागेल. यंदाच्या मुलांना तोवर थांबता येणार नाही. म्हणून पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे: अर्जावर सही करण्यापूर्वी एका संध्याकाळी सारे घर एकत्र बसवा, आकडे मांडा आणि मुलांचे ऐका. ज्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल ते चार वर्षांचे. घर मात्र त्यानंतरही चालवावयाचे असते.