सुनेच्या अभ्यासासाठी दोन तास

कापूस वेचणीच्या दिवसांत देवळी तालुक्यातील एक आजी रक्तदाब तपासण्यासाठी माझ्या दवाखान्यात आल्या. सोबत सून होती. वय तिशीच्या आसपास. पती जाऊन चार वर्षे झालेली, पदरी दोन मुले. "डॉक्टरसाहेब, हिले बी पाहा. दिवसभर वावरात राबते अन् अर्ध्या रातीपर्यंत पुस्तक घेऊन बसते," आजी म्हणाल्या. सून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करीत होती. डोके सतत दुखे, चालताना धाप लागे. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 8.2 ग्रॅम निघाले. स्त्रियांमध्ये ते किमान 12 असावे.

लोहाच्या गोळ्या लिहून देणे सोपे होते. परंतु निघताना आजींनी हळूच विचारले, "शिकून हिले नोकरी लागली तं निराधारचे पैसे बंद होतीन ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्या घरात दरमहा 1,500 रुपये येतात. योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वर्षाला 21 हजार, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. शिकताना मिळालेल्या लहानशा कामानेही ती ओलांडली जाऊ शकते. हातचे जाईल आणि पुढचे मिळेल याची खात्री नाही, ही भीती खरी आहे. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. अनुदान उत्पन्नामुळे थांबते, शिकण्यामुळे नव्हे. शंका असल्यास तहसील कार्यालयातील या योजनेच्या शाखेत विचारावे. ऐकीव गोष्टींवरून सुनेचे वा लेकीचे शिक्षण थांबवू नये. एकच पालक असलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून प्रति बालक दरमहा 2,250 रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करावी. परीक्षेला जाताना स्त्रियांना एसटीचे भाडे निम्मेच लागते, हेही विसरू नये.

पैशाइतकीच टंचाई असते ती वेळेची. मजुरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास हे सारे आटोपल्यावर पुस्तक उघडते तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. अपुऱ्या झोपेने वाचलेले स्मरणात राहत नाही. मग ती अधिक जागते आणि अधिक थकते. हे चक्र कोणत्याही गोळीने तुटत नाही. ते घरातील वडीलधारी माणसेच तोडू शकतात. सायंकाळचे दोन तास मुलांना आपल्याजवळ बसवावे, त्या वेळी तिला कोणी हाक मारू नये आणि रात्री दहाला दिवा मालवावा. जेवताना ती शेवटी उरलेसुरले खात असेल, तर तिचे ताट आपल्यासोबत वाढावे. त्यात डाळ, पालेभाजी आणि लिंबाची फोड असावी. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा टाळावा.

आजी-आजोबांनो, हे करताना स्वतःची हेळसांड मात्र करू नका. नातवंडांच्या धावपळीत रक्तदाबाची गोळी विसरणारे अनेक रुग्ण मी पाहतो. गोळीची वेळ ठरवून ठेवा. लहानग्याला कडेवर घेण्याऐवजी शेजारी बसवून गोष्ट सांगा. छातीत दुखले वा चक्कर आली तर परीक्षा संपेपर्यंत ते अंगावर काढू नका.

"या वयात शिकून काय होणार?" असेही कोणी म्हणेल. महर्षी कर्वे यांनी 1896 मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हाही लोक हेच म्हणत होते. तरुणपणीच वैधव्य आलेल्या, एका मुलाची आई असलेल्या पार्वतीबाई आठवले उशिराच शिकल्या आणि पुढे त्याच संस्थेच्या कार्यासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

तीन महिन्यांनी आजी आणि सून पुन्हा आल्या. सुनेचे हिमोग्लोबिन 10.9 झाले होते. अनुदानाची चिंता मिटलेली नव्हती; ती मिटवणे माझ्या हाती नाही. पण आजी म्हणाल्या, "आता सांजच्याला पोरं माह्यापाशी असतात." गोळ्या चालू ठेवण्यास सांगून मी कागदावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. ती परीक्षेनंतरची होती.