बर्फात शहाणे, वेल्ह्यात वेडे

डिसेंबर उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. एक न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातले: पायात स्नोशू, दोन्ही हातांत काठ्या, अंगावर थरांवर थर, पाठीवर भरलेली सॅक. दुसरे सुट्टीवर भारतात गेलेल्यांचे: राजगडाचा बालेकिल्ला, अंगात टी-शर्ट, पायात सकाळी फिरायला जायचे बूट, हातात पाण्याची अर्धी बाटली. बऱ्याचदा दोन्ही फोटोंतली माणसं तीच असतात. माझं भांडण या दुसऱ्या फोटोंशी आहे.

बर्फात आपली मंडळी किती शिस्तीत वागतात ते आठवा. डिसेंबरच्या मध्यावर व्हाइट माउंटन्समध्ये सव्वाचारच्या आत सूर्य बुडतो. म्हणून गाड्या लावल्या लावल्या ठरतं की दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, शिखर दहा मिनिटांवर असलं तरी. निघताना लख्ख उजेड असला तरी प्रत्येकाच्या सॅकमध्ये डोक्याला लावायचा दिवा हवा. सुती कपडा अंगाला लागू द्यायचा नाही. घाम फुटायच्या आत जॅकेट उतरवायचं, थांबलं की लगेच चढवायचं. कुठून चढणार, कुठे उतरणार, किती वाजता फोन करणार हे घरी सांगून ठेवायचं. माउंट वॉशिंग्टन 6,288 फुटांचा, म्हणजे आपल्या शिमल्याहून बुटका. पण 12 एप्रिल 1934 रोजी त्याच्या माथ्यावर ताशी 231 मैलांचा वारा मोजला गेला, हे ठाऊक असलेला कुणी त्याला टेकडी म्हणत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त पटलेला नियम मात्र स्वतःच्या जिवासाठी नाहीच. तो मागून येणाऱ्यासाठी आहे. भुसभुशीत बर्फात नुसत्या बुटाने पाऊल टाकलं की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. ओढून काढला की मागे खड्डा उरतो, रात्री त्याच्या कडा गोठून टणक होतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येणाऱ्या कुणाचा तरी घोटा त्यात मुरगळतो. स्नोशू घातला की वजन पसरतं, बर्फ दाबला जातो, चार जण एकामागोमाग गेले की पक्की वाट तयार होते. सर्वांत पुढचा वाट फोडून दमला की बाजूला होतो आणि शेपटाला लागतो. न्यूयॉर्क राज्यात अ‍ॅडिरॉन्डॅकच्या हाय पीक्स भागात बर्फ आठ इंच किंवा जास्त असेल तर स्नोशू किंवा स्की वापरणं बंधनकारकच आहे. वाट सगळ्यांची असते, ही गोष्ट तिथे नियमाच्या पुस्तकात घातली आहे.

आता भोर-वेल्ह्याकडे. (वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पण आमच्या पिढीच्या तोंडात वेल्हेच बसलंय.) तिथे बर्फ पडत नाही हे मीही जाणतो. शेजारी महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठले की दरवर्षी पेपरात फोटो येतो, तेवढंच आपलं हिमवैभव. पण तिथल्या हिवाळ्याचा स्वतःचा निसरडा प्रकार आहे, त्याचं नाव घसारा. पाऊस ओसरला की उतारावरचं कमरेइतकं गवत वाळतं, जानेवारीपर्यंत ते आडवं पडतं आणि त्यावरून बूट सटकतो. जिथे गवत नाही तिथे कडक जमिनीवर मुरमाची बारीक खडी पसरलेली असते. संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून राजगड सोडून तोरण्याकडे निघालेला माणूस पहिल्या उतारावरच हे शिकतो. काही जण बसून घसरत उतरतात. उरलेले जरा बरी जमीन दिसली की वळण सोडून सरळ खाली काढतात, मागचेही तिथूनच येतात, आणि दोन-तीन मोसमांत मूळ वाटेशेजारी चार नव्या चरी पडतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावरचं पाणी त्या चरींतून धावतं आणि उरलीसुरली माती घेऊन जातं. बर्फातला खड्डा निदान वसंतात वितळतो. डिसेंबरात आपण पाडलेली चर जुलैत रुंद होते आणि पुढच्या डिसेंबरात तिलाच वाट म्हणतात.

राजगड-तोरणा ही डोंगरधारेवरची चाल सात-आठ तासांची. मध्ये खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडायचा, मग धारेवरचे चढउतार, आणि शेवटी पाय बोलायला लागले असताना बुधला माचीचा उभा चढ. वाटेत सावली नावाला आणि पाण्याचा भरवसा नाही. पुण्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतं. उशिरा आवरून, रस्त्यात मिसळ खाऊन अकराला गुंजवण्यातून चोर दरवाजाकडे निघायचं आणि तरी आजच तोरणा करायचा, ही गणितं माझ्यासमोर मांडली गेली आहेत. मांडणारे गृहस्थ बर्फात एकच्या ठोक्याला मागे फिरणारे. वेल्ह्यात घड्याळ कुठे जातं?

मधमाश्यांचं तेच. माउंट वॉशिंग्टनवरच्या टकरमन रव्हीनच्या उतारावर जाण्याआधी आपण हिमस्खलनाचा अंदाज वाचतो, कारण त्यात सापडणारे बहुतेक जण तो उतार स्वतःच्या किंवा सोबत्याच्या पावलाने मोकळा करतात. सह्याद्रीच्या कातळकड्यांना हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत आग्या माश्यांची पोळी लटकलेली असतात आणि त्याही बहुधा आपणच उठवतो. धुराने, अत्तराच्या वासाने, आरडाओरड्याने, पोळ्याला मारलेल्या दगडाने. राजगडावर आणि इतर किल्ल्यांवर माश्या उठून लोक जखमी झाल्याच्या बातम्या वाचल्या नसतील असा मराठी माणूस विरळा. तरी अंगाला सेंट फवारून कड्याखाली घोषणा देणारे असतातच. महाराजांचा जयजयकार मनातल्या मनात केला तर महाराज रागावतील असं मला वाटत नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "अहो, तिथल्या मावशी ताकाचा हंडा डोक्यावर घेऊन चपलेत गड चढतात, आणि तुम्ही कसले नियम सांगता?" चढतात, खरं आहे. पण त्या मावशींना कुठल्या दगडावर पाय टाकायचा आणि कुठला डुगडुगतो हे लहानपणापासून ठाऊक आहे. त्या उजाडताना निघतात, ऊन चढायच्या आत वर पोचलेल्या असतात आणि उजेड असतानाच खाली उतरतात. म्हणजे मागे फिरायची वेळ पाळणारं त्या वाटेवर कुणी असेल तर त्याच. त्यांच्या चपला पाहून त्यांचं घड्याळ न पाहणं हा आपला दोष. दिवस कलल्यावर नाळेत उतरायचं नाही, अनोळखी रानात गावातला माणूस घेतल्याशिवाय शिरायचं नाही, पाणी कुठे आहे ते शेवटच्या घरात विचारून घ्यायचं: हे नियम त्या डोंगरातलेच आहेत. अमेरिकेतून न्यायची गरज नाही, तिथे पोचल्यावर विसरायचे नाहीत इतकंच.

शेवटच्या घराचं महत्त्व किल्ल्यापेक्षा घाटवाटांवर कळतं. केळदहून मढे घाटाने कोकणात उतरा. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठ्याला नेला अशी परंपरा आहे. उपांड्या घाटाने परत वर या. किंवा मोहरीला जाऊन रायलिंग पठाराच्या टोकाशी उभे राहा: समोर लिंगाणा, त्यामागे रायगड, आणि बाजूला दगडधोंड्यांनी भरलेली बोराट्याची नाळ थेट खाली गेलेली. या नाळेत फोनला रेंज मिळेल ही आशा धरू नये. वरच्या माणसाच्या पायाखालचा धोंडा सुटला तर खालच्याला पळायला जागा नाही. म्हणून जाणता वाटाड्या सगळ्यांना जवळजवळ ठेवतो, सुटलेला दगड वेग घ्यायच्या आत हातात यावा म्हणून. हे मोबाइलमधला नकाशा सांगत नाही. नकाशावर ढोरवाट आणि खरी वाट सारखीच रेघ असते.

आणि याच वाटाड्याशी आपण पैशांवरून घासाघीस करतो. न्यू हॅम्पशायरमध्ये 2015 पासून मिळणारं 'हाइक सेफ' कार्ड आपण मुकाट घेतो, माणशी 25 डॉलर, कुटुंबाला 35. ते असलं की निष्काळजीपणामुळे सुटका करावी लागली तरी तिचा खर्च राज्य आपल्याकडून वसूल करत नाही. बेफिकीरपणाला मात्र तेही वाचवत नाही. इकडे महाराष्ट्रात अडकलेल्या माणसासाठी दोर घेऊन रात्री नाळेत उतरणारे बहुतेक जण गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक असतात. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर अशाच संस्थांना एका धाग्यात बांधतं. ते बिल पाठवत नाहीत. म्हणून सुटका फुकट असते असा समज आपण करून घेतला आहे. गावातला वाटाड्या दिवसभराची मजुरी सोडून आपल्यासोबत येतो, त्याने सांगितलेली रक्कम बॉस्टनमधल्या चौघांच्या कॉफीइतकी असते, आणि तरी "जरा कमी करा की" हे आपल्या तोंडून निघतंच.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. आनंद झालाच. पण सुट्टीत गेलेला प्रत्येक जण आता राजगडच धरणार, तोही शनिवार-रविवारी, हेही उघड आहे. मी म्हणेन, राजगड पाहायचा तर मंगळवारी-बुधवारी जा. आणि एक दिवस रायरेश्वराला ठेवा. शिडी चढून वर गेलं की पठारावर वस्ती आहे, शेती आहे, जेवण सांगितलं तर मिळतं. वाट मळलेली, सोबत पोरंबाळं असली तरी चालेल. केंजळगड समोरच दिसतो; पायांत जोर उरला तर तोही होतो.

कार्यकारिणीपुढे माझी मागणी साधी आहे. बर्फातल्या सहलीआधी आपण सभासदांकडून जो एक पानी कागद भरून घेतो, म्हणजे निघायची वेळ, मागे फिरायची वेळ, दिवा, पाणी, घरच्यांचा फोन, तोच डिसेंबरात भारतात निघालेल्यांच्या हातात द्यावा. मराठीत करून द्यायला मी तयार आहे. त्यात दोन रकाने वाढवावे लागतील: वाटाड्याचं गाव, आणि त्याला ठरलेले पैसे. दुसरा रकाना घरून निघण्याआधीच भरायचा.