डिझेल की पेट्रोल एसयूव्ही? आधी रोजचे किलोमीटर मोजा

घाट चढायचा, ट्रेलर ओढायचा तर डिझेलच हवे, हा समज चुकीचा नाही. ह्युंदाई क्रेटाचेच पाहा. १.५ लिटरच्या साध्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांची पॉवर जवळपास सारखी, सुमारे ११५ पीएस. पण टॉर्क पेट्रोलमध्ये १४४, तर डिझेलमध्ये २५० न्यूटन मीटर. तोही १,५०० आरपीएमपासून. म्हणून भरलेली गाडी चढावर दमत नाही.

प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगात चालावी लागते. रोज पाच-सात किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत जाणाऱ्या गाडीत फिल्टर तुंबतो आणि गॅरेजचा खर्च वाढतो. शिवाय महाराष्ट्रात त्याच किमतीच्या पेट्रोल कारपेक्षा डिझेल कारला एकरकमी कर दोन टक्क्यांनी जास्त.

वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी डिझेल घेणे म्हणजे वर्षभर भुर्दंड सोसणे. दर आठवड्याला महामार्ग, घाट किंवा ओझे असेल, तरच डिझेल वसूल होते. बाकीच्यांनी पेट्रोलच घ्यावे. आणि इंजिन कोणतेही असो, ट्रेलर जोडण्यापूर्वी गाडीच्या माहितीपुस्तिकेतली वजनमर्यादा वाचावी.