शेजारचा जियांग चेन

चिनी मालिकेतला नायक पहिल्या भागात नायिकेशी जेवढं बोलतो, त्याहून जास्त आमच्या मजल्यावरचे लोक सकाळी दूधवाल्याशी बोलतात. तरी ती त्याच्यावर जीव टाकते, आणि आपण पुढचा भाग लावतो.

‘अ लव्ह सो ब्युटिफुल’ ही मालिका चीनमध्ये टेन्सेंट व्हिडिओवर २०१७ साली आली. झाओ छ्यानछ्यान या लेखिकेच्या कादंबरीवर ती बेतलेली आहे. चेन शियाओशी ही बडबडी, चित्रं काढणारी, अभ्यासात यथातथा मुलगी. जियांग चेन हा तिच्या शेजारचा, तिच्याच वर्गातला हुशार, ताडमाड आणि घुम्या मुलगा. पुढे तो डॉक्टर होतो. मध्ये ताटातूट होते, काही वर्षांनी पुन्हा गाठ पडते. गोष्ट एवढीच. कोणी कोणाच्या दुधात काही कालवत नाही, जिन्यावर तेल ओतत नाही.

मी ती आईबरोबर पाहिली. आईला चिनी येत नाही आणि इंग्रजी सबटायटल तिच्या डोळ्यांना झेपत नाहीत. म्हणून मी वाचून सांगायचं आणि तिने मेथी निवडता निवडता “पुढे?” म्हणायचं, असं ठरलं. चार-दोन भागांतच तिने मला गप्प केलं. “कळतंय गं मला. आवडते ती त्याला. सांगायला जीभ रेटत नाही मेल्याची.”

तिला ते कळणारच. तिची उमेदीची वर्षं गिरगावात, फणसवाडीतल्या चाळीत गेली. सगळ्या खोल्या एका गॅलरीला लागलेल्या, नळाला पाणी यायची वेळ ठरलेली, आणि कोण कोणाच्या दारापुढून कितीदा गेलं याची नोंद मजल्यावर आपोआप होणारी. तिथे प्रेम करायला निमित्त लागायचं. वही मागायची, कपडे वाळत घालायला नेमकं त्याच वेळी यायचं, गणपतीतल्या नाटकाच्या तालमीला मुद्दाम उशीर करायचा. ‘आय लव्ह यू’ म्हणायची सोयच नव्हती, कारण ते तिसऱ्या खोलीतल्या काकूंना आधी ऐकू गेलं असतं. शियाओशी आणि जियांग चेन यांचंही तसंच. एकत्र शाळेत जायचं, एकत्र घरी यायचं, गृहपाठावरून भांडायचं, आणि दोन्ही घरांत सगळं माहीत असून कोणी काही बोलायचं नाही.

चीनमध्ये याला सरकारी हातभारही आहे. २०१६ साली गाजलेल्या तिथल्या नियमावलीत अल्पवयीन मुलामुलींची प्रेमप्रकरणं मालिकांत दाखवायला मनाई केली होती. त्यामुळे शाळेतल्या प्रेमाच्या गोष्टी बघण्या-चिडवण्यावरच निभावून न्याव्या लागतात. लेखकांची त्यात कुचंबणा होत असणारच, आणि सरकारने कात्री घेऊन बसणं मला मुळीच पसंत नाही. पण रोमँटिक कॉमेडी अडथळ्यावरच जगते, हे नाकारता येत नाही. गिरगावात हे कात्रीचं काम समोरच्या खोलीतली आजी बिनपगारी करायची.

आता माझी तक्रार. हा जियांग चेन मला आवडत नाही. मुलीचे गुण कमी, म्हणून तिला येता-जाता टोमणे मारायचे, ती रडली की पाठ फिरवायची, आणि मग एकदाच तिच्यासाठी काहीतरी करायचं की प्रेक्षक विरघळले. असल्या मुलांचे पुढे नवरे होतात, आणि ते वीस वर्षांत एकदाही “तू जेवलीस का?” विचारत नाहीत, हे कोणत्याही मजल्यावर विचारा. त्याच वर्गात वू बोसोंग हा पोहणारा, हसरा, मदतीला धावणारा मुलगा आहे. त्याचंही शियाओशीवर प्रेम आहे. आईचं मत पहिल्यापासून वू बोसोंगला. पण मालिका त्याला मित्र म्हणून बाजूला ठेवते, जसे आपण चांगल्या मुलांना ठेवत आलो.

आपल्याकडे असली रोमँटिक कॉमेडी नव्हतीच असं नाही. २०१२ साली झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आली. घना आणि राधा, म्हणजे स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे, घरच्यांची समजूत काढायला करार करून लग्न करतात आणि मग एकमेकांत अडकतात. दिग्दर्शन सतीश राजवाडे यांचं. वर्षाच्या आत मालिका संपली, म्हणून अजून नाव निघतं. चिनी मालिकांत करारलग्नाचं तर पेवच फुटलेलं आहे. ‘वेल-इन्टेन्डेड लव्ह’ (२०१९) मध्ये नायिकेला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळतं, बोनमॅरोसाठी ती श्रीमंत नायकाशी करार करून लग्न करते, आणि पुढे उलगडतं की तो आजार नायकानेच रचलेलं नाटक होतं, ती आपल्याशी लग्नाला तयार व्हावी म्हणून. हे ऐकून आई म्हणाली, “याला प्रेम म्हणतात? पोलिसांत द्या की!” ती मालिका आम्ही तिथेच सोडली.

संपण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२० साली चिनी नियामकांनी मालिका चाळीस भागांपलीकडे नेऊ नका, तीसच्या आत आटपलीत तर उत्तम, अशी सूचना काढली. आपली ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. त्या काळात पाळण्यातली पोरं शाळेत जाऊन हाफपँटीतून फुलपँटीत आली.

या चिनी मालिकांची वाट मध्ये अडलीही. २०२० च्या नोव्हेंबरात आपल्या सरकारने त्रेचाळीस अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टेन्सेंटचं मालिका दाखवणारं वीटीव्हीही गेलं. चीनच्या सीमेवर जवान शहीद झाले होते, त्यामुळे कोणी कुरकुर केली नाही. मालिका मात्र दुसऱ्या वाटांनी येत राहिल्या, आणि गिरगावातल्या बायका त्या बघत राहिल्या.

हल्ली आईने ‘हिडन लव्ह’ (२०२३) लावली आहे. शाळकरी मुलीला भावाचा मित्र आवडतो, मोठी होईपर्यंत ती ते मनातच ठेवते. म्हणजे पुन्हा चाळच. पहिल्याच भागाला आईने विचारलं, “मुलाची आई कशी आहे?” ती हयात नाही, असं मी आधीच वाचून ठेवलं होतं, ते सांगितलं.

“मग पंचवीस भागांत संपणारच,” आई म्हणाली आणि मेथीची दुसरी जुडी पुढ्यात ओढली.