सुनेला पाचवा महिना, आणि गाडीत शेरू



सुनेला दिवस गेल्याचं कळलं आणि आठवडाभरात घरात दोन सल्ले येऊन पडले. आता कुठे प्रवास-बिवास नको, आणि कुत्रं कुणाला तरी देऊन टाका. दुसरा सल्ला देणाऱ्यांत मीही होते, हे आधीच कबूल करते.

शेरूला चार वर्षांपूर्वी भर पावसात सुनेनंच उचलून आणलं होतं. माझं बोलणं ऐकून ती काही बोलली नाही. पुढच्या तपासणीला मात्र मला सोबत घेऊन गेली आणि डॉक्टरीणबाईंनाच विचारायला लावलं. त्या म्हणाल्या, टॉक्सोप्लाझ्माची जी भीती घालतात ना, तो जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरतो, कुत्र्याच्या नव्हे. रेबीजची लस, जंताचं औषध वेळेवर द्या, गोचीड होऊ देऊ नका, हात धुवा. झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी मुक्या जिवाला घराबाहेर काढायला निघाले होते!

प्रवासाचंही त्यांनी सांगितलं. रक्तस्राव, रक्तदाब, वार खाली असणं असं काही नसेल तर चौदा ते अठ्ठावीस आठवड्यांचा काळ सगळ्यात सोयीचा. उलट्या ओसरलेल्या असतात, पोटाचा भार फार नसतो. पण आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका.

डिसेंबरात आम्ही सांगलीहून रत्नागिरीकडे निघालो. लेक, सून, मी आणि शेरू. कोल्हापूर, मलकापूर, मग आंबा घाट. नकाशा सांगतो त्याच्या दीडपट वेळ धरलेला. माझं मत विचाराल तर गरोदर बाईनं कुत्र्यासोबतच प्रवास करावा! दर दीड-दोन तासांनी तिनं उतरून पाय मोकळे करायला हवेत, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका. लघवीही वारंवार लागते. एकटी असती तर लेकाला "थांब" म्हणायला संकोचली असती. शेरू कुणाचा संकोच धरत नाही. तो कुंईकुंई करायचा, गाडी थांबायची, दोघंही उतरायची.

सून पुढच्या सीटवर, सीट मागे सरकवून. पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून नाही, पोटाच्या खालून मांड्यांच्या सांध्यावरून, आणि वरचा छातीच्या मधून. शेरू मागे माझ्याशेजारी, छातीपट्टा घालून सीटबेल्टला अडकवलेला. मांडीवर कुत्रा घेऊन पुढे बसू नये. अचानक ब्रेक लागला तर दोघांचंही काही खरं नाही.

खाण्याचं मात्र सांगते, कारण तिथं मी चुकता चुकता वाचले. आपण सांगलीकर, पिशवीत बेदाणे असणारच. घाटात शेरूनं तोंड पुढे केलं आणि मी मूठ उघडणार तोच सून ओरडली. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कांदा-लसूणही त्यांना बाधतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात शेरू निम्मा सुरक्षित आहे म्हणायचा!

सूर्यास्तापूर्वी जेवायचं म्हणून पाचलाच मुक्कामी पोहोचलो. फोनवर "कुत्रा चालेल" म्हणालेले लॉजवाले समोर येऊन म्हणाले, "पार्किंगमध्ये बांधा." सून दमलेली, पाय सुजलेले. तिचं एकच म्हणणं, "मग मीही गाडीतच झोपते." डब्यातल्या दशम्या आणि शेंगाचटणी गाडीतच खाल्ली, आणि दिवेलागणीला एका आजींच्या घरगुती खोलीत जागा मिळाली. तेव्हा कुत्रा चालेल का, एवढंच विचारू नका. झोपेल कुठे ते विचारा, आणि उत्तर व्हॉट्सअपवर लेखी घ्या. जवळचं प्रसूतीचं हॉस्पिटल आणि जनावरांचा दवाखाना कुठं, तेही निघण्याआधी कागदावर हवं.

मंदिरात आम्ही पाळीपाळीनं गेलो, एक जण शेरूजवळ सावलीत. बंद गाडीत त्याला ठेवायचं नाही म्हणजे नाही. बाहेर पंचवीस अंश असले तरी दहा मिनिटांत आत दहा-एक अंशांनी चढतं. "पाचच मिनिटं" म्हणून गेलेली माणसं दर्शनाला किती वेळ लावतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आता नववा लागलाय. आता लांबचा प्रवास बंद. परवा शेजारच्या वहिनींनी पुन्हा विचारलं, "मग कुत्र्याचं काय ठरलं?"

म्हटलं, "पंधरा तारखेला लस आहे त्याची."